भूपालआण्णांची तांबोशी

कसबा बावड्याच्या वळणावर उसानं भरलेली पहिली ट्रॉली आडवी आली की माझा हिवाळा सुरू होतो. ट्रॉली जागची हलत नाही, मागं गाड्यांची रांग लागते, कुणीतरी ट्रॅक्टरवाल्याच्या नावानं ओरडतं आणि तो मोठ्यानं लावलेल्या गाण्यात असा रमलेला असतो की त्याला ऐकूच जात नाही. कारखान्याकडून मळीचा आंबूसगोड वास येतो. नव्या अपार्टमेंटमधली माणसं गाडीच्या काचा वर घेतात. मी मात्र खाली करते. त्या वासाच्या मागून मला दुसराच एक वास यायला लागतो. खारट, ओल्या कातळाचा, सुरूच्या वाळक्या सुयांचा. मध्ये सगळा सह्याद्री आडवा पडलाय, पण तो वास येतो.

परवा असंच झालं. राजारामपुरीतलं माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक उघडून पहिल्या पेशंटच्या गुडघ्याला हात लावते न लावते तोवर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन.

"वैशे, हवा बदलली बघ."

एवढंच. हवेबद्दल आबा दुसरं काही बोलत नाहीत. हवा बदलली म्हणजे गाडीत हवा भर, शनिवारी दुपारनंतर पेशंट घेऊ नकोस आणि समुद्राकडं तोंड कर.

कुठल्या समुद्राकडं ते मात्र मी सांगणार नाही. आबांनी तशी शपथच घातलीय. गळानं मासे धरणारा माणूस एक वेळ घराची किल्ली देईल, आपली बसायची जागा सांगणार नाही. राधानगरीवरून दाजीपूरचं जंगल ओलांडायचं, फोंडा घाट उतरायचा आणि मग बराच वेळ खाली खाली जात राहायचं, एवढं सांगते. शेवटी डांबर संपतं. मग मोकळा सडा लागतो, वाळलेल्या गवताचा आणि काळ्या कातळाचा. तिथं मोबाईलच्या रेंजच्या कांड्या एक एक करत जातात. सडा संपला की एकदम पायाखालीच खाडी दिसते. डावीकडं कांदळवनाची हिरवी गर्दी, समोर वाळूचा दांडा, त्यापलीकडं समुद्र. आणि माणूस एकही नाही.

आबांनी ही जागा कशी शोधली ते त्यांनाच माहीत. त्यांचा सगळा जन्म पंचगंगेच्या काठावर गेला. चार एकर ऊस, दोन म्हशी आणि संध्याकाळी नदीवर गळ, असं त्यांचं आयुष्य. आणि भूपालआण्णा. आण्णा म्हणजे आबांचे शाळेपासूनचे मित्र. राजारामपुरीत त्यांचं भांड्यांचं दुकान. जैन घर. मासा सोडा, कांदा-लसूणसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही, आणि सूर्य बुडायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. या दोघांची मैत्री कशी टिकली, असं लोक विचारतात. मला विचाराल तर ती भांडणावर टिकली. आण्णा नदीवर आबांच्या शेजारी बसून प्रत्येक माशाची बाजू घ्यायचे. "सोड की रं, बारका हाय," म्हणायचे. आबा म्हणायचे, "बारका हाय म्हणून तर चव हाय." रोज हेच, पण रोज नव्या जोमानं.

मग एका पावसाळ्यात आण्णांच्या पत्नी गेल्या. कमलाकाकी. त्या मोठ्यानं बोलायच्या आणि त्याहून मोठ्यानं हसायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीतून त्यांचं हसणं रस्त्यावर ऐकू यायचं. त्या गेल्या आणि आण्णांचा आवाजच गेला. आजारपण काही नव्हतं, मीच त्यांना डॉक्टरकडं नेलं होतं. ते जेवायचे, दुकानात बसायचे. पण कुणी काही विचारलं की "हं." गिऱ्हाईक विचारायचं, हा कुकर केवढ्याचा? "हं." आबा रोज सायकलवरून जाऊन समोर बसायचे, मुद्दाम वाकडं बोलायचे, मासे धरल्याच्या बढाया मारायचे. "हं."

दिवाळी झाली. त्या वर्षी थंडी जरा लवकर पडली. एक दिवस आबा माझ्या क्लिनिकवर आले. पेशंट बसलेले असतानाच म्हणाले, "ह्याला समुद्रावर न्यायचा."

मी म्हटलं, "आबा, ते मासे धरत नाहीत, खात नाहीत. तिथं काय करतील?"

"बसंल."

"मग नदीवर न्या की."

"नदीवर माणसं भेटत्यात. कसं झालं, काय झालं इचारत्यात. समुद्र कोण इचारत न्हाय."

ऊस तोडणीला आला होता. टोळी कधीही येईल म्हणून माझा भाऊ संजू घायकुतीला आला होता, आणि अशा वेळी आबा गाव सोडून चालले होते. शेतकऱ्याच्या घरात याचा अर्थ काय, ते शेतकऱ्याच्याच घरात कळेल. संजू दोन दिवस बोलला नाही. आबा म्हणाले, "ऊस काय पळून चाललाय व्हय? तू हाईस की." आणि मागच्या सीटवर आण्णांना बसवून ते माझ्या शेजारी येऊन बसले.

दाजीपूरच्या पुढं धुक्यात रस्त्याच्या कडेला एक गवा उभा होता. काळाभोर, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा. मी गाडी थांबवली. तो आमच्याकडं बघत होता, आम्ही त्याच्याकडं. आबा कुजबुजले, "भूप्या, बघ बघ, तुझ्या साडूसारखा दिसतोय." एरवी या वाक्यावर घाट उतरेपर्यंत भांडण चाललं असतं. आण्णा म्हणाले, "हं."

खाली सुरूच्या बनामागं मंदाकाकींचं घर होतं. दोन खोल्या पाहुण्यांसाठी, पुढं शेणानं सारवलेलं खळं, म्हणजे अंगण, मागं माड. मंदाकाकींचे यजमान बोटीवर असायचे, महिनोन्महिने बाहेर. त्यामुळं घरात बोलायला माणूस आलं की त्यांना आनंद व्हायचा. आण्णा काय काय खात नाहीत ते मी त्यांना सांगायला लागले, तसतसे त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"कांदो नाय, बटाटो नाय, लसूण नाय. मगे ह्यो माणूस खाता तरी काय?"

पण दुसऱ्या दिवशीच त्यांनी अंगणात वेगळी चूल मांडली, वेगळी भांडी काढली आणि हट्टाला पेटल्यासारख्या रांधायला लागल्या. केळफुलाची भाजी, लाल माठ, वालाची उसळ, नारळाच्या गोड रसात बुडवलेले घावणे. आबांचं तळलेलं मासळीचं ताट एका बाजूला, आण्णांचं ताट उन्हं कलायच्या आत दुसऱ्या बाजूला. ते दोघं तिथंच मुक्कामाला राहिले. मी दर शनिवारी घाट उतरायची आणि सोमवारी पहाटे परत चढायची. त्या हिवाळ्यात माझ्या गाडीला घाटाची वळणं पाठ झाली.

पहिल्या काही शनिवारी मी गेले तेव्हा चित्र एकच असायचं. खाडीच्या तोंडाशी काळ्या कातळावर आबा गळ टाकून बसलेले. मी त्यांना रीळ लावलेली नवी काठी भेट दिली होती. तिला त्यांनी आधी खूप नावं ठेवली, मग कुणाला हात लावू देईनात. आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर, समुद्राकडं पाठ करून, आण्णा. अंगावर शाल, डोक्याला पांढरी टोपी. भरती यायची, ओहोटी लागायची. वाळूवर बारीक खेकडे लगबगीनं रांगोळ्या घालायचे, एक लाट त्या पुसून जायची. आण्णा झाडाच्या बुंध्याकडं बघत बसलेले.

माझ्या कामात आखडलेले खांदे खूप येतात. ओढून, जबरदस्ती करून खांदा सुटत नाही, उलट जास्त धरतो. त्याला फक्त हलायची बारीक बारीक कारणं द्यायची असतात. वरच्या फळीवरचा डबा घ्या, दोरीवर कपडे घाला. हे मला शिकून ठाऊक होतं. आबांना न शिकता ठाऊक होतं. त्या सगळ्या दिवसांत त्यांनी आण्णांना एकदाही "बघ, समुद्र किती छान आहे" असं म्हटलं नाही.

पहिलं कारण पाणमांजरांनी दिलं. एका शनिवारी मी पोचले तेव्हा आबा संतापानं कातळावर नाचत होते. सकाळपासून धरलेले शेवटे मासे त्यांनी जाळीच्या पिशवीत घालून पाण्यात बांधून ठेवले होते. आता पिशवी फाटलेली आणि रिकामी.

"भूप्या, तू हितंच बसलातास न्हवं? मासं कुठं गेलं?"

आण्णा म्हणाले, "नेलं."

"कुणी?"

आण्णांनी शालीतून हात काढला आणि खाडीपलीकडच्या चिखलाच्या उतारावर बोट दाखवलं. "त्यांनी."

तिथं पाच-सहा पाणमांजरं होती. ओली, तपकिरी, तेल लावल्यासारखी चकचकीत. एक पालथं पडून पाठ घासत होतं, दोघांची कशावरून तरी झोंबाझोंबी चालली होती, आणि एक मोठं, दोन्ही हातांत मासा धरून, मक्याचं कणीस खावं तसं शेपटीकडून खात होतं. मासा अर्थातच आबांचा.

"तू बघत बसलास व्हय? हाकलायचं न्हाईस?"

आण्णांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला. "पोरंबाळंवाली दिसली," ते म्हणाले.

आबांनी डोक्याला हात लावला. पण माझ्याकडं वळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. पिशवीभर मासे गेलेला माणूस इतका खूश मी कधी पाहिला नाही.

त्यानंतर आण्णा समुद्राकडं तोंड करून बसायला लागले. पुढच्या खेपेला मी कोल्हापुरातून एक दुर्बीण नेली, ती त्यांच्या शेजारी ठेवली आणि काही बोलले नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी ती त्यांच्या गळ्यात होती. कुठल्या सुरूवर समुद्रगरुडाचं घरटं आहे ते त्यांनी मला दाखवलं. नर-मादी आळीपाळीनं काटक्या आणत होती. "पोट बघ कसं हाय," आण्णा म्हणाले, "नवीन स्टीलच्या ताटासारखं." गरुड पाण्यावर उतरायचा, पाय पुढं करून नेमका मासा उचलायचा. वरून खाली, खालून वर, एका दमात. आबा म्हणायचे, "ह्याला कोण सांगत न्हाय बारका हाय, सोड म्हणून." आण्णा त्यावर बोलायचे नाहीत. पण आता "हं"सुद्धा म्हणायचे नाहीत. ऐकलं नसल्यासारखं करायचे. ते जुन्या आण्णांच्या जास्त जवळचं होतं.

सकाळी थंडी इतकी असायची की वाळू पायाला चावायची. आण्णा पहाटे उठून दांड्याच्या टोकापर्यंत चालत जायचे. एकदा मला हाक मारून घेऊन गेले. पाण्यातून वर आलेली एक रुंद खूण वाळूवर होती, लहान ट्रॅक्टरचं चाक फिरल्यासारखी. वर जाऊन थांबलेली, तिथं वाळू उकरून परत थापलेली, आणि मग दुसऱ्या वाटेनं पाण्यात गेलेली. कासवीण अंडी घालून गेली होती. शेजारी कोल्ह्याचे ठसेही होते. कोल्हा बहुधा आमची चाहूल लागून पळाला असावा. आण्णा तिथंच वाळूत बसले, म्हणाले, "जा, मंदाकाकीला बोलवून आण. मी राखतो." मंदाकाकी आणि गावातली माणसं अंड्यांवर घालायला जाळी घेऊन आली तोवर आण्णा तसेच बसून होते, थंडीनं निळे पडलेले, हातात एक काठी घेऊन. किडामुंगीवर पाय न देणारा माणूस कोल्ह्यासाठी काठी घेऊन बसला होता. काठीचं पुढं काय करणार होता, ते मी विचारलं नाही.

असे ते दिवस चालले होते. आजही मी तिथं जाते तेव्हा मला त्याच हिवाळ्याचा समुद्र दिसतो. डिसेंबरातलं ते स्वच्छ पाणी, दुपारी हिरवं, संध्याकाळी पितळेसारखं. कातळाच्या पुढून डॉल्फिनची पाठ वर यायची, उन्हात चमकायची आणि जायची. दरवेळी "ते बघ!" म्हणेस्तोवर ते गेलेलं असायचं, आणि दरवेळी आम्ही तिघं तितक्याच जोरात "ते बघ!" म्हणायचो. म्हणजे दोघं. आण्णा अजून मोठ्यानं बोलत नव्हते. कमलाकाकींचं नाव तर त्यांनी पावसाळ्यानंतर एकदाही काढलं नव्हतं. मला वाटायला लागलं होतं, एवढंच. माणूस एवढाच परत येतो बहुतेक.

आबांचंही एक दुखणं होतं. त्यांना तांबोशी हवी होती. तांबोशी म्हणजे खाडीच्या तोंडाशी, कातळाच्या कपारीत राहणारा तांबड्या रंगाचा मासा. चवीला फार चांगला, पण ताकदीला त्याहून जबर. गळ लागला की सरळ कपारीत घुसतो आणि दोरी दगडावर घासून तोडतो. आबांच्या दोऱ्या त्यानं कितीतरी वेळा तोडल्या होत्या. "एक तर घिऊनच जाणार," असं आबा रोज सकाळी म्हणायचे. संक्रांत जवळ आली, टोळी बांधावर येऊन थांबली असं संजूनं माझ्याकरवी कळवलं. परतायचं ठरलं. शेवटचा रविवार उजाडला.

त्या सकाळी भरती चढत होती. पाणी खाडीत आत घुसत होतं, कातळाला लपलप करत. मी वरच्या दगडावर दुर्बीण घेऊन गरुडाच्या घरट्याकडं बघत होते. खाली आबा काठी धरून उभे, शेजारी आण्णा. आबांनी जिवंत कोळंबी लावून गळ कपारीच्या तोंडाशी सोडला होता. आणि मग त्यांच्या पोटात कळ आली. आदल्या दिवशी त्यांनी माशाच्या झणझणीत तिखल्याची वाटी तिसऱ्यांदा भरून घेतली होती, त्याचा तो हिशेब.

"भूप्या, धर जरा."

"मी हात लावत न्हाय."

"मासा न्हाय धरायचा रं, काठी धर! नुसती धर. आलोच मी."

आबा काठी आण्णांच्या हातात कोंबून सुरूच्या बनाकडं पळाले. आण्णा काठी घेऊन उभे राहिले. देवळाबाहेर कुणाची तरी छत्री सांभाळत उभं राहावं तसे.

आणि काठी वाकली.

रीळ असं किंचाळलं की मी दुर्बीण सोडून उभी राहिले. आण्णा दोन पावलं पुढं ओढले गेले. आणि मग खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत एक आवाज घुमला.

"शाम्याऽऽऽ!"

चिखलातले सगळे बगळे एकदम उडाले. मला क्षणभर कळलंच नाही हा आवाज कुणाचा. पण आबांना शाम्या म्हणणारा माणूस एकच होता. मग मी कातळ उतरून पळत सुटले.

"आण्णा, द्या इकडं! मी धरते!"

"सरक पोरी, घसरशील!"

"मग सोडून द्या काठी!"

"सोडू कशी? काठी घिऊन जाईल की आत! तोंडात गळ, मागं एवढी काठी. जगंल काय ते?" त्यांची टोपी पडली होती, शाल खांद्यावरून पाण्यात लोंबत होती, पाय कातळाच्या खाचेत घट्ट रोवले होते. "दोरी तोडली तरी गळ तोंडातच ऱ्हायल! ह्याला बाहेर काढल्याशिवाय सोडता याचा न्हाय!"

तेवढ्यात आबा आले. एका हातानं पायजम्याची नाडी धरून धावत, आणि धावता धावता ओरडत. "वढ! वढ! कपारीत जाऊ दिऊ नगंस! आता सोड! ढील दे, ढील! पतंगागत रं, पतंगागत!"

पतंग म्हटल्यावर आण्णांच्या हाताला काहीतरी आठवलं असावं. ते खरोखर ढील द्यायला लागले, मग ओढायला लागले, मग पुन्हा ढील. मासा डावीकडं गेला की ते डावीकडं, उजवीकडं गेला की उजवीकडं. तोंडानं अखंड चाललं होतं. "ये बाबा, ये. असं नगं करू. काय करत न्हाय तुला. ये."

आबा पोचले, काठीवर हात ठेवला. "आण हिकडं."

"हात काढ!"

"आरं, तुझ्यानं..."

"हात काढ म्हणतोय न्हवं! माझ्या हातात आलाय त्यो!"

आबांनी हात काढला. एवढे दबलेले आबा मी माझ्या आईसमोरसुद्धा पाहिले नव्हते.

शेवटी मासा दमला. कातळाच्या कडेला एक उथळ डबकं होतं, त्यात आण्णांनी त्याला हळूहळू आणलं. तांबोशीच. ताज्या घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी, खवल्या-खवल्यावर ऊन. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. आबांनी खिशातून सुरी काढली.

"थांब," आण्णा म्हणाले. "सोडायचा हाय."

"काय?"

"सोडायचा हाय त्याला."

आबा ताठ उभे राहिले. "दिवाळीपासनं बसलोय मी हितं! दिवाळीपासनं! थंडीवाऱ्याचं! ऊस तिकडं वाळाय लागलाय!"

"मग? धरला कुणी?"

"काठी माझी हाय!"

"हात माझं हाईत!"

"आणि मासा? मासा कुणाचा?"

"मासा समुद्राचा!"

"मग समुद्राला दे की! थांबलाईस कशाला?" हे म्हणून आबांनाच कळलं आपण काय बोलून बसलो ते. ते आणखी चिडले. "तू खात न्हाईस म्हणून मी बी खायचा न्हाय व्हय?"

"खा की! कोण नगं म्हणतंय? तू धरलेला तू खा, रोज खातोसच की. माझ्या हातनं धरलेला न्हाय खायचा. जल्मात एकदा हातात आला, आणि मी त्याला कापू दिऊ? कमलीला काय सांगू मी?"

पावसाळ्यानंतर पहिल्यांदा ते नाव आलं. पाणी लपलप करत होतं. माशाचे कल्ले उघडत मिटत होते.

आबा माशाकडं बघत नव्हते. ते आण्णांकडं बघत होते. भिजलेले, लालबुंद, केस उभे राहिलेले, दोन्ही मुठी आवळून भांडायला उभे राहिलेले आण्णा. मग त्यांनी सुरी मिटून खिशात घातली, दुसऱ्या खिशातून पक्कड काढली आणि डबक्यात गुडघ्यावर बसले.

"असा नुसता सोडून चालत न्हाय," ते म्हणाले. "दमलाय त्यो. पाण्याकडं तोंड करून धराय लागतोय. हिकडं ये. शेपटीपाशी धर."

आबांनी पकडीनं गळ सोडवला. दोघं कमरेएवढ्या पाण्यात उतरले. आबा माशाच्या पोटाखाली हात धरून, आण्णा शेपटीपाशी. येणाऱ्या पाण्याकडं त्याचं तोंड करून ते त्याला हळूहळू पुढं-मागं हलवत राहिले.

"गार हाय रं," आण्णा म्हणाले.

"मग? चहा हाय व्हय?"

आणि त्याच क्षणी माशानं शेपूट हाणलं. दोघांच्या तोंडावर पाणी उडालं, पाण्याखाली एक तांबडी रेघ कपारीकडं गेली आणि दिसेनाशी झाली.

आण्णा हसायला लागले. आधी बारीक, मग मोठ्यानं, मग त्यांना पाण्यात उभं राहवेना म्हणून कातळाला धरून हसत राहिले. हसता हसता त्यांनी ओल्या शालीचं टोक डोळ्यांना लावलं आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं. आबा पाठमोरे होऊन दोरी गुंडाळत बसले. ती दोरी केव्हाच गुंडाळून झाली होती. आबा तरी गुंडाळत होते. मी वर जाऊन आण्णांची टोपी शोधत राहिले. ती माझ्या पायापाशीच होती.

घरी आलो तेव्हा मंदाकाकी खळ्यात उभ्या होत्या. "काय गावलां काय आज?"

"गावला," आबा म्हणाले. "तांबोशी गावली. सोडली."

"सोडलात? कित्याक?"

"मालकानं सोडाय लावली."

मंदाकाकींनी आमच्या तिघांच्या ओल्या कपड्यांकडं बघितलं, मग आण्णांच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि चुलीकडं वळल्या. त्या संध्याकाळी आबा उन्हं कलायच्या आत आण्णांच्या पंक्तीला बसले आणि वालाची उसळ खाल्ली. आण्णांनी घावणे तीनदा मागून घेतले. आणि घास घेता घेता सांगायला लागले, की कमलीला समुद्राची फार भीती. लग्नानंतर एकदाच आणली होती मालवणला, तर पाण्यात पाय घालायला तयार नव्हती. मग लाट आपणहून पायाशी आली तर केवढ्यानं हसली, किनाऱ्यावरची माणसं वळून बघायला लागली. आबांना ही गोष्ट माहीत होती, सगळी. तरी ते मध्ये मध्ये विचारत होते, "मग? मग काय झालं?"

सोमवारी आम्ही परत निघालो. या खेपेला आण्णा पुढं बसले. त्यांचा उजवा खांदा दुखत होता, तो त्यांनी मला दर दहा मिनिटांनी दाखवला, आणि दरवेळी का दुखतोय तेही सांगितलं. फोंडा घाट सुरू झाला तेव्हा पाणमांजरांचं चाललं होतं. घाट संपला तेव्हा कासवांवर आले होते. मागच्या सीटवर आबा डोळे मिटून पडले होते. दाजीपूर गेलं तरी आण्णा थांबेनात. तेव्हा मागून आवाज आला.

"वैशे, गाडी वळीव. ह्याला परत तितंच सोडून यिऊया."

राधानगरीत चहाला थांबलो. टपरीवर एक अनोळखी माणूस चहा पीत उभा होता, दुधाच्या गाडीवरचा असावा. मी पैसे देऊन वळते तोवर आण्णा त्याच्यापाशी पोचलेसुद्धा होते.

"पावणं, तांबोशी बघितलीसा कवा?"

तो माणूस गोंधळला. "न्हाय बा. काय असतंय ते?"

"मासा. तांबडालाल. काल म्या धरला, ह्या हातांनी. केवढा म्हणशीला?" आण्णांनी दोन्ही हात पुढं केले आणि मधलं अंतर दाखवलं. "एवढा."

आबा चहाचा ग्लास ठेवून त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. आण्णांची दोन्ही मनगटं धरली आणि हात आणखी लांब केले.

"एवढा," आबा त्या माणसाला म्हणाले. "मी बघितलाय की."